टिल्ट टेबल टेस्ट : मुद्दाम चक्कर आणून बघायची ही तपासणी नेमकी कशासाठी करतात?

पंधरा ऑगस्टची सकाळ. शाळेच्या मैदानावर झेंडावंदन उरकलंय, पण भाषणं काही संपत नाहीत. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं नांदूरघाट असो की दुसरं कुठलंही गाव, पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. रांगेतली एखादी मुलगी पांढरीफटक पडते, गुडघ्यात वाकते आणि कोसळते. पडल्यावर दोन-चार वेळा हातपाय झटकते. कुणी कांदा फोडायला पळतं, कुणी नाकाला चप्पल लावतं. मिनिटभरात मुलगी डोळे उघडून विचारते, "काय झालं?"

आता या पडण्याला नाव काय द्यायचं, यावर एकमत होत नाही. शाळा म्हणते चक्कर. आई म्हणते अशक्तपणा, सकाळी काही न खाताच गेली होती. आजीच्या मते दृष्ट लागली. आणि हातपाय झटकताना ज्यानं पाहिलेलं असतं तो म्हणतो, "फिट आली."

पहिली तीन नावं आठवडाभरात विसरली जातात. चौथं चिकटतं. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या की त्या वर्षानुवर्षं चालतात, आणि मुलगी लग्नाची झाली की हा शब्द घरात हळू आवाजात बोलला जातो. मिरगीची भीती नुसती गावगप्पांमध्ये नव्हती, ती कायद्यातही होती. १९९९ ची दुरुस्ती होईपर्यंत मिरगीचे वारंवार येणारे झटके हे हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द ठरवायचं कारण होऊ शकत होतं.

मिरगी हा मेंदूतल्या विजेच्या गडबडीचा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पण मैदानावर पडलेल्या त्या मुलीला मिरगी नसण्याचीच शक्यता जास्त. तिचं रक्त पायात उतरलं आणि मेंदूला काही सेकंद कमी पडलं, एवढंच झालेलं असू शकतं. या दोन गोष्टी वेगळ्या करायला ज्या तपासण्या मदत करतात त्यातली एक म्हणजे टिल्ट टेबल टेस्ट.

उभं राहणं वाटतं तेवढं सोपं नाही

माणूस झोपलेला असताना रक्त अंगभर साधारण सारखं पसरलेलं असतं. तो उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. तेवढं रक्त हृदयाकडे परत आलं नाही तर बीपी पडणार आणि मेंदूचा पुरवठा तुटणार. हा पुरवठा जेमतेम सहा ते आठ सेकंद थांबला तरी शुद्ध जाते.

तरीही आपण दिवसातून शंभर वेळा उठतो-बसतो आणि काही होत नाही. कारण मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दाब ओळखणारे सेन्सर असतात. दाब घसरतोय असं दिसलं की ते मेंदूला कळवतात, मेंदू पायातल्या नसा आवळतो, नाडी थोडी वाढवतो. हे सगळं आपल्याला न विचारता चालतं. ज्या यंत्रणेकडून चालतं तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. घाम, पचन, लघवी, बाहुलीचं लहान-मोठं होणं हीसुद्धा तिचीच कामं.

चालताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलत असतात. म्हणून दहा किलोमीटर चालणारा वारकरी ठणठणीत असतो आणि दर्शनाच्या बारीत नुसता उभा राहिला की त्याला घेरी येते. परिपाठाला, परेडला, रेशनच्या रांगेत माणसं पडतात ती याच कारणानं. ऊन, उपास, ताप, पाळीतला रक्तस्राव, कमी प्यायलेलं पाणी, यातलं काही जोडीला असेल तर आणखी लवकर.

बीडमधून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा दिवस डोळ्यांपुढे आणला तर यातल्या किती गोष्टी एकत्र येतात ते लक्षात येईल. पहाटे अंधारात काम सुरू, फडात आडोसा नाही म्हणून पाणी बेतानंच प्यायचं, वाकून तोडायचं आणि मोळी डोक्यावर घेऊन उभं राहायचं. तिथं चक्कर आली तर पहिला संशय पाण्यावर आणि हिमोग्लोबिनवर घ्यायला हवा. मोठ्या तपासण्यांची पाळी नंतरची.

बिघाड कुठं होतो?

मोटामोटी तीन प्रकार आहेत, आणि टिल्ट टेबलवर तिन्हींचा आलेख वेगळा येतो.

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे वेसोवेगल सिंकोप, म्हणजे साधी मूर्च्छा. हे नाव ब्रिटिश डॉक्टर सर थॉमस लुईस यांनी १९३२ साली रूढ केलं. यात यंत्रणा बराच वेळ नीट काम करते आणि मग अचानक उलटी फिरते. नसा आवळायच्या तिथं सैल पडतात, नाडी वाढायची तिथं मंदावते. काही जणांचं हृदय काही सेकंद थांबतंसुद्धा. रक्त बघून, इंजेक्शनच्या सुईला घाबरून पडणारी माणसं याच गटातली.

दुसरा प्रकार उभं राहिल्यावर बीपी पडण्याचा. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं घसरलं तर त्याला हे नाव देतात. हा बहुतेक वयस्कर माणसांचा त्रास. जुना मधुमेह, पार्किन्सन, बीपीच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या अशी कारणं असतात. रात्री लघवीला उठलेले आजोबा मोरीत पडतात तेव्हा घरचे म्हणतात पाय घसरला. घसरलेला असतोही. पण आधी बीपी घसरलं होतं का, हे फारसं कुणी मोजत नाही.

तिसरा प्रकार पॉट्स. यात बीपी पडत नाही, नाडी मात्र धावत सुटते. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत ठोके मिनिटाला ३० किंवा जास्त वाढतात, १२ ते १९ वयात ही मर्यादा ४० धरतात. सोबत धडधड, थरथर, डोकं जड होणं, थकवा, आणि हे निदान तीन महिने तरी असावं लागतं. बहुतेक रुग्ण तरुण मुली आणि बायका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये या त्रासाला आजचं नाव दिलं. कोविडनंतर बऱ्याच जणांमध्ये तो दिसू लागला तेव्हा कुठं त्याची चर्चा वाढली. तोपर्यंत अशा कितीतरी बायकांना "टेन्शन घेऊ नका" एवढंच औषध मिळत होतं.

टेबलवर काय करतात?

ही एक मोटर लावलेली अरुंद खाट असते. खाली पाय टेकवायला फळी, छातीला आणि गुडघ्यांना पट्टे. खोली शांत, उजेड मंद. तपासणीआधी दोन ते चार तास पोट रिकामं ठेवायला सांगतात. कुठल्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या नाहीत हे डॉक्टर सांगतात, आपल्या मनानं ते ठरवायचं नसतं.

छातीवर ईसीजीच्या तारा, दंडाला बीपीचा पट्टा. चांगल्या लॅबमध्ये बोटाला एक छोटी पट्टी लावतात, ती प्रत्येक ठोक्याचं बीपी दाखवते. मूर्च्छा येते तेव्हा बीपी काही सेकंदांत कोसळतं, आणि दंडाचा पट्टा फुगून उतरेपर्यंत खेळ संपलेला असतो, म्हणून बोटाच्या पट्टीचं महत्त्व.

आधी पाच-दहा मिनिटं आडवं ठेवतात. मग खाट वर उचलतात, ६० ते ७० अंशांपर्यंत. म्हणजे माणूस जवळपास उभा, पण पट्ट्यांना रेललेला. पाय हलवायचे नाहीत. इथंच तपासणीची खरी युक्ती आहे. पोटऱ्यांचा पंप बंद असतो आणि सगळा भार स्वायत्त मज्जासंस्थेवर पडतो.

अशा स्थितीत साधारण वीस मिनिटं, काही ठिकाणी पंचेचाळीस मिनिटांपर्यंत ठेवतात. तोवर काही झालं नाही तर जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा फवारा किंवा गोळी देतात. छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या खिशात जिभेखालची गोळी असते, त्याच घराण्यातलं हे औषध. ते नसा सैल करतं. मग आणखी पंधरा मिनिटं. सगळं धरून तासाभराचं काम.

रुग्णाला मधेमधे विचारत राहतात, काय वाटतंय? आणि इथं लाजून "काही नाही" म्हणायचं नसतं. अंग गरम होणं, मळमळ, जांभया, घाम, आवाज लांबून आल्यासारखे वाटणं, डोळ्यांपुढे अंधारी, हे सगळं जसं होईल तसं सांगायचं. कारण डॉक्टरांना फक्त पडलेलं बीपी नको असतं. त्यांचा नेमका प्रश्न असा असतो : "घरी होतं ते हेच का?" रुग्ण "हो, अगदी हेच" म्हणाला की निदान बरंच पक्कं होतं.

शुद्ध हरपली तर खाट लगेच आडवी करतात आणि बहुतेक जण मिनिटभरात सावध होतात. ऐकायला भीतीदायक असली तरी ही तपासणी सुरक्षित मानली जाते. नायट्रोग्लिसरीननंतर डोकं दुखू शकतं. मात्र हृदयाची झडप फार अरुंद झालेली असेल किंवा हृदयाच्या वा मानेच्या रक्तवाहिनीत गंभीर अडथळा असेल तर ती करत नाहीत. गरोदरपणातही सहसा टाळतात. तपासणीनंतर त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी यायचं नाही.

बेशुद्धीच्या निदानासाठी या खाटेचा वापर सुरू झाला तो १९८६ पासून. रोझ अॅन केनी या आयरिश डॉक्टर आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी कारण न सापडलेल्या १५ रुग्णांना तिरकं उभं करून पाहिलं. त्यातल्या दहा जणांना टेबलवरच मूर्च्छा आली. ज्यांना कधी असा त्रास नव्हता अशा दहांपैकी एकालाच आली. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला हा छोटासा अभ्यास पुढं जगभर वापरला गेला.

मग हातपाय झटकले ते काय होतं?

जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये एक धाडसी प्रयोग केला. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम मूर्च्छा आणली आणि व्हिडिओ काढले. ४२ जणांची शुद्ध पूर्ण गेली. त्यातल्या ३८ जणांचे हातपाय झटकले. म्हणजे झटके हा काही मिरगीचाच मक्ता नाही. मेंदूला रक्त कमी पडलं तरी ते येतात.

आणि २००० साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी मिरगीचं निदान झालेल्या ७४ जणांची टिल्ट टेबलसह पुन्हा तपासणी केली. हे रुग्ण निवडक होते, गोळ्या घेऊनही झटके थांबत नव्हते किंवा निदानाबद्दल शंका होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण ३१ जणांमध्ये, म्हणजे ४२ टक्क्यांच्या आसपास, कारण वेगळंच निघालं.

फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. मूर्च्छा बहुतेक उभं असताना किंवा बसलेलं असताना येते, आधी अंधारी येते, चेहरा पांढरा पडतो, झटके मोजकेच असतात आणि माणूस लगेच भानावर येतो. मिरगीत झटके एक-दोन मिनिटं चालतात, जीभ कडेला चावली जाते, नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. झोपेतही ती येऊ शकते. लघवी होणं मात्र दोन्हींत घडतं, त्यावरून काही ठरत नाही.

म्हणून कांद्यापेक्षा मोबाईल जास्त कामाचा. रुग्णाला सुरक्षित केल्यावर एकानं व्हिडिओ काढावा आणि तो डॉक्टरांना दाखवावा, स्टेटसला नाही. तीस सेकंदांची ती क्लिप कधीकधी महागड्या स्कॅनपेक्षा जास्त सांगते.

आणि एक गोष्ट गावाकडे हमखास चुकते. बेशुद्ध माणसाला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेतात. हेतू चांगला, पण ज्याचं रक्त आधीच पायात उतरलंय त्याला उभं-बसतं ठेवणं म्हणजे मेंदूला आणखी उपाशी ठेवणं. त्याला आडवं करायचं, पाय उंच करायचे, गर्दी हटवायची. दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल किंवा डोक्याला मार असेल तर १०८ ला फोन.

नांदूरघाटहून शहर गाठायच्या आधी

टिल्ट टेबल गावात किंवा तालुक्याला मिळेल अशी वस्तू नाही. मोठ्या शहरांतल्या काही हृदयरोग आणि मेंदूविकार विभागांत ती असते. संपूर्ण स्वायत्त मज्जासंस्था तपासणाऱ्या लॅब तर देशातच मोजक्या. बंगळुरूचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स ही त्यातली माहितीची नावं. नांदूरघाटच्या माणसासाठी म्हणजे दोन दिवसांची मजुरी, सोबतच्या माणसाची मजुरी आणि प्रवास. तेव्हा खरा प्रश्न हा की जायलाच हवं का?

बहुतेकांना नको. चांगल्या डॉक्टरनं पंधरा मिनिटं नीट विचारपूस केली, ईसीजी काढला आणि झोपवून-उभं करून बीपी मोजलं की निम्म्याहून जास्त गुंता सुटतो. या शेवटच्या तपासणीला मोटरची खाट लागत नाही. बीपीचं मशीन, घड्याळ आणि बाजूला धरायला एक माणूस, बस. पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी आणि नाडी मोजायची. मग उभं करून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा. उदाहरणार्थ, आडवं असताना ११८/७६ आणि तिसऱ्या मिनिटाला ९२/६० आलं तर बीपी पडतंय. बीपी तसंच राहिलं आणि बावीस वर्षांच्या मुलीची नाडी ७४ वरून ११६ ला गेली तर पॉट्सचा विचार करायला जागा आहे. अर्थात आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघून. रक्त कमी असेल तरीही नाडी अशीच पळते.

गावात चक्कर आली की एक सलाईनची बाटली लावायची पद्धत आहे. गंमत म्हणजे त्यानं बरं वाटतंही, कारण अंगातलं पाणी वाढतं. पण तो परिणाम दुसऱ्या दिवशी संपतो आणि निदान जिथल्या तिथं राहतं.

टेबलवर जायची वेळ येते ती यानंतरही कोडं राहिलं तर. वारंवार पडणं आणि मार लागणं, फिटच्या गोळ्यांनी फरक न पडणं, मिरगी की मूर्च्छा हे ठरत नसणं, किंवा बीपी-नाडी ठीक असूनही बेशुद्ध दिसणं. या शेवटच्या प्रकारात टेबलवर रुग्ण निपचित पडतो, पण बीपी, नाडी आणि मेंदूचा आलेख नेहमीसारखे असतात. याला नाटक म्हणणं चूक आहे. मनावरचा ताण शरीरातून असा बाहेर पडतो, आणि तो उपचारानं बरा होतो. फक्त उपचार वेगळ्या डॉक्टरांकडे असतो.

उलट काही खुणा दिसल्या तर टिल्ट टेबलची वाट न बघता थेट हृदयरोगतज्ज्ञ गाठायचा. पळताना किंवा जड काम करताना शुद्ध जाणं, आडवं असताना जाणं, आधी जोरात धडधड होणं, घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणं. इथं कारण हृदयात असू शकतं आणि उशीर जिवावर बेततो. केजकरांसाठी जवळचा मोठा सरकारी पर्याय म्हणजे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. निघताना जुने ईसीजी, गोळ्यांची पाकिटं आणि तो व्हिडिओ सोबत हवा.

रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा?

आंधळा नाही. ज्यांना आयुष्यात कधी चक्कर आली नाही अशा निरोगी माणसांना टेबलवर उभं केलं तरी शंभरातल्या दहाएक जणांचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येतो. आणि खरोखर मूर्च्छेचा त्रास असलेल्यांपैकी काहींचा त्या दिवशी 'निगेटिव्ह' येतो. हृदयाच्या आजारामुळे पडणाऱ्यालाही टेबलवर मूर्च्छा येऊ शकते, आणि ती धरून बसलं तर खरा आजार निसटतो.

यावरून डॉक्टरांमध्येच वाद आहे. २०२० साली 'सर्क्युलेशन' या हृदयरोगाच्या नामांकित नियतकालिकात ही तपासणी बेशुद्धीसाठी बंदच करा, अशा मथळ्याचा लेख आला. त्यावर दुसऱ्या बाजूच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की चूक तपासणीची नाही, नको तिथं ती करण्याची आहे. दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत आहेत, की आधी रुग्णाचं ऐकून घ्या.

निदान मूर्च्छेचं निघालं तर औषध बहुतेकांना लागतच नाही. दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, बीपी वाढलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारून थोडं जास्त मीठ, अंथरुणातून टप्प्याटप्प्यानं उठणं. अंधारी यायला लागली की लगेच खाली बसायचं. ते जमत नसेल तर पायांची अढी घालून मांड्या आवळायच्या, मुठी घट्ट करायच्या. हे घरगुती वाटतं, पण २००६ साली छापलेल्या एका चाचणीत २२३ रुग्णांवर ते तपासलंय. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५१ टक्के पुन्हा बेशुद्ध पडले, हे व्यायाम शिकलेल्यांपैकी ३२ टक्के. याशिवाय पॉट्स आणि बीपी पडण्यासाठी गोळ्या आहेत, आणि हृदय लांबवर थांबतं अशा मोजक्या, बहुतेक चाळिशीपुढच्या रुग्णांना पेसमेकर बसवतात.

वर्षानुवर्षं चालू असलेल्या फिटच्या गोळ्या मात्र टिल्ट टेबलचा कागद हातात पडल्या दिवशी बंद करायच्या नाहीत. एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात, आणि या गोळ्या अचानक सोडल्या तर जिवावर बेतणारे झटके येऊ शकतात. त्या कमी करायच्या की नाही, किती आणि किती दिवसांत, हे मेंदूविकारतज्ज्ञ लिहून देतात. नवं निदानही त्यांच्याकडून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यायचं आणि शाळेच्या, कामाच्या आणि घरच्या फाईलमध्ये एकेक प्रत लावायची.